मूठ जाते काय?

नवी गाडी दारात उभी राहिली की माणसं काय करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. बॉनेटवरून हात फिरवतात, दार उघडून आतला वास घेतात, जाताजाता आरशात स्वतःचा चेहरा पाहून घेतात. आमचे मामा यातलं काही करत नसत. ते सरळ पुढच्या चाकापाशी उकिडवे बसायचे, उजव्या हाताची मूठ वळायचे आणि ती उभी मूठ टायर आणि वरच्या मडगार्डाच्या मधल्या फटीत घालून पाहायचे. गेली, तर आतल्या आत जराशी फिरवायची, बाहेर काढायची, पँटीला पुसायची. "हौ. चालते." नाही गेली, तर उठून गुडघे झटकायचे आणि दोनच शब्द बोलायचे. "शोभा हाय."

आमच्या राजापेठेच्या गल्लीत या दोन शब्दांची दहशत होती. माणूस पेढ्यांचा डबा घेऊन नव्या गाडीशेजारी उभा असायचा, बायको चाकांखाली लिंबं ठेवत असायची, आणि मामा उकिडवे बसताना दिसले की त्याचा हात पेढ्यावरच थांबायचा. एका ट्यूशन क्लासच्या सरांनी तर मामांना पाहून गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली होती आणि पेढे पायी वाटले होते.

शोभा फक्त गाड्यांनाच असायची असं नाही. चौकातलं कारंजं शोभा होतं, कारण त्यातून पाणी येत नसे. सिग्नलही शोभा होता, कारण तो कुणी पाळत नसे. आमच्या रुग्णालयाच्या वर्धापनदिनाला मी आयुष्यात पहिल्यांदा टाय बांधला, तेव्हा मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बोलले काहीच नाहीत, पण मला ऐकू आलं.

रुग्णालय म्हणजे डोळ्यांचं, लहानसं, विश्वस्तांच्या देणग्यांवर चालणारं. डॉक्टरबाई ऑपरेशनं करायच्या, मामा, नात्यानं नव्हे तर सगळ्यांचेच मामा, गाडी चालवायचे, आणि मी व्यवस्थापक होतो. म्हणजे बाकीचे काम करत असताना कागदावर सही करणारा. अंजनगाव सुर्जीपासून तेल्हाऱ्यापर्यंत गावोगावी आमची शिबिरं व्हायची. तिथं मोतीबिंदू सापडलेल्या म्हाताऱ्या माणसांना मामा आमच्या जुन्या जीपमधून अमरावतीला आणायचे, आणि ऑपरेशन झालं की घरी सोडून यायचे.

ती जीप मामांनी आपल्या हातानं घडवली होती असं म्हणायला हरकत नाही. कंपनीनं बनवली ती फक्त पहिल्यांदा. मग मामांनी तिची मडगार्डं कापली, चाकांवरचं सगळं मोकळं केलं आणि सीटखाली एक खुरपं ठेवलं. मी नवा होतो तेव्हा विचारलं, "मामा, गाडीत खुरपं कशाला? निंदायला जाता का?"

त्यांनी मला एखाद्या पुणेकराकडं पाहावं तसं पाहिलं. मी अमरावतीचाच, तरीही.

"सायेब, काळ्या मातीत गाडी चाकामुळं नाई फसत. मडगार्डामुळं फसते. ओली माती चाकाले धरते, चाकासंगं वर जाते, आन मडगार्डाच्या अन् चाकाच्या मधात बसते. ठासून बसते. मंग चाक फिरतच नाई. इंजिन किती का बोंबलेना."

"म्हणून मूठ?"

"म्हनून मूठ. मूठभर माती आत गेली तं मूठभर बाहेर आली पाह्यजे."

इतकं सोपं होतं. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि विसरलो. हुशार माणसं असंच करतात.

मामांना रस्त्यातला प्रत्येक खड्डा ओळखीचा होता. काही खड्ड्यांना नावं होती. एक 'सरपंचाचा', कारण दर निवडणुकीआधी तो बुजायचा. एक 'सासूबाईचा', कारण तो वळणाच्या आड दबा धरून बसलेला असायचा. डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं घेऊन परतताना मामा मोठ्यानं सांगत जायचे, "आजीबाई, धरा वं दांडी, सासूबाई येऊन राह्यली!" आणि मागच्या बाकावर आंधळं हसू पसरायचं. इतक्या वर्षांत एकाही रुग्णाचं डोकं टपाला लागल्याचं मला आठवत नाही. लागलं ते माझं, कारण मी मोबाइलमध्ये असायचो.

आणि त्यांचा तो प्रश्न. डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढायच्या, भिंतीवरची अक्षरं दाखवायच्या. ते सगळं झालं की मामा हळूच वॉर्डात येऊन त्या म्हाताऱ्या माणसासमोर उभे राहायचे. "मले पाहा. मी काळा हाय का गोरा?"

बहुतेकांनी तोवर मामांचा फक्त आवाज ऐकलेला असायचा. ते डोळे बारीक करायचे, निरखून पाहायचे, आणि एखादी आजी खुदकन हसायची. "काळा कुच्च हायेस रे बाप्पा!"

"पास," मामा डॉक्टरबाईंना सांगायचे. "हे घरी जाऊ शकते."

एका म्हाताऱ्यानं "गोरा" असं उत्तर दिलं, तेव्हा मामांनी डॉक्टरबाईंना सांगून त्याचा डोळा पुन्हा तपासायला लावला. डोळा ठीक होता. म्हाताऱ्याला घरी लवकर जायचं होतं म्हणून तो गोडीत घेत होता.

मामांचं गाव तेल्हाऱ्याच्या पलीकडं, एका लांबलचक पांदणीच्या शेवटी. पांदण म्हणजे दोन्हीकडं शेतं आणि मधून बैलगाडीपुरती वाट. उन्हाळ्यात कातळासारखी, पावसाळ्यात भिजवलेल्या कणकेसारखी. त्या गावात मामांची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेल्यामुळं तिनंच त्यांना वाढवलं होतं. लहानपणी देवीच्या आजारात तिचा एक डोळा गेला होता. उरलेल्यात आता मोतीबिंदू पिकला होता. गावातले बाकीचे सगळे आमच्याकडं येऊन, मामांना काळा कुच्च म्हणून परत गेले होते. राहिली होती ती एकटी.

ती घाबरायची. एकच डोळा, त्यालाही हात लावायचा म्हणजे काय? दोन वर्षं मामा तिची समजूत घालत होते. डॉक्टरबाईही मामांना दर महिन्याला बजावत होत्या, "मामा, फार पिकू देऊ नका. पिकून फुटला तर आतला दाब वाढतो. मग मी काही करू शकणार नाही."

शेवटी ती हो म्हणाली. अट घातली. मामांनी ती मला हसत हसत सांगितली, पण त्या हसण्यात दोन वर्षांचा घाम होता. "थे म्हने, तू सोता दारात गाडी आनशीन, तं मी त्यात बसीन. गावातून पायी पायी, लोकाच्या हाताले धरून, आंधळ्यावानी नाई येनार."

"मग आणूया की दारात," मी म्हणालो. "नवी गाडी येतेच आहे."

इथून पुढं माझा पराक्रम सुरू होतो.

जुनी जीप थकली होती. एका देणगीदारानं नवं वाहन द्यायचं कबूल केलं आणि निवडीचं काम समितीनं माझ्यावर सोपवलं. मी आयुष्यात सायकलसुद्धा भावानं पसंत केलेली चालवली. पण आता माझ्या हातात मोबाइल होता, आणि मोबाइलमध्ये गाड्यांची जगातली सगळी जाणकार माणसं. महिनाभर मी खडबडीत रस्त्यांसाठीच्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिले. जेवताना पाहिले, कार्यालयात पाहिले, सासऱ्यांच्या श्राद्धाला पाहिले. आणि प्रेमात पडलो ते एका स्टेशन वॅगनच्या.

अशी गाडी आपल्याकडं फारशी दिसत नाही, म्हणून सांगतो. पुढून मोटारीसारखी देखणी, मागं लांबलचक, की स्ट्रेचर आडवं घालता यावं. इंजिनाची ताकद चारही चाकांना. जीपसारखी आदळत नाही. व्हिडिओत ती बर्फातून सरसर चढत होती आणि आतल्या माणसाच्या कपातली कॉफी हलत नव्हती. मी तो कप पाहून गाडी ठरवली.

मामांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला.

"हे काय होय पांढरं?"

"बर्फ. बर्फातून चालते मामा!"

"बरं. आपल्या इकडं कुठी पडते बर्फ? तेल्हाऱ्यात का अकोटात?"

"अहो, बर्फात चालते म्हणजे चिखलात चालणारच. चारही चाकं फिरतात."

"चारी फिरतात म्हन्जे चारी माती घेतीन."

मी हसलो. अडाणी माणसाच्या विनोदाला हसावं तसं हसलो. आज ते हसू आठवलं की मला माझ्याच तोंडावर काहीतरी मारावंसं वाटतं.

"मले घेऊन जा सायेब गाडी पाहाले," ते म्हणाले. "मी फकस्त मूठ घालून पाहीन."

न्यायला हवं होतं. पण त्याआधी एकदा मी त्यांना अमरावतीतल्या एका शोरूममध्ये नेलं होतं. तिथल्या आरशासारख्या फरशीवर मामा खांद्यावरचा दुपट्टा अंथरून पाठीवर झोपले आणि सरपटत गाडीखाली गेले. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. विक्रेता धावत आला. "सर, काका बरे आहेत ना?" गाडीखालून आवाज आला, "हे पाइप लय खाली हाय. पहिल्याच शेताच्या धुऱ्यावर घासून जाईन हे." शोरूममधलं एक आख्खं कुटुंब हातातली सरबतं घेऊन आमच्याभोवती जमलं. मला त्या दिवशी फार लाज वाटली. मामांची.

म्हणून अकोल्याच्या शोरूममध्ये, जिथं ती स्टेशन वॅगन होती, मी त्यांना न सांगता गेलो. अंगात इस्त्रीचा शर्ट, नाव पुकारून स्वागत, थंडगार खोली. विक्रेत्यानं पडद्यावर चार हिरवे बाण चार चाकांकडं जाताना दाखवले. सगळं पसंत पडलं. सही करण्याआधी मला अचानक मामा आठवले. इतका काही मी बेजबाबदार नव्हतो. मी उठलो, इकडं तिकडं पाहिलं, पुढच्या चाकापाशी वाकलो आणि मूठ घातली.

गेली.

मी आनंदानं तिथूनच फोन लावला. "मामा, मूठ जाते!"

मामांनी आधी मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी विचारलं, "कोनाची?"

"कोणाची म्हणजे? माझी!"

"बरं," मामा म्हणाले.

माझ्या मुठीबद्दल मला तुम्हाला सांगायला हवं. तिनं पंचवीस वर्षांत पेन आणि कपाची दांडी याखेरीज काही धरलेलं नाही. मामांची मूठ नारळाएवढी होती. त्यांच्या एका मुठीत माझ्या दीड मुठी बसल्या असत्या. हे मी रोज पाहत होतो. रोज त्यांच्या हातून चहाचा कप घेत होतो, आणि तो कप त्यांच्या हातात बाहुलीच्या भांड्यासारखा दिसायचा. पण दिसणं आणि ध्यानात येणं वेगळं असतं, आणि मी तर डोळ्यांच्या दवाखान्याचा व्यवस्थापक.

गाडी आली. डॉक्टरबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गल्लीतली माणसं मामांच्या निकालाची वाट पाहत होती. मामा उकिडवे बसले. मी त्यांच्या पाठीमागं उभा होतो, त्यामुळं मला नीट दिसलं. त्यांची मूठ बोटांच्या पेरांपर्यंत गेली आणि अडली. ती त्यांनी तशीच क्षणभर ठेवली. मग उघडली, आणि उघड्या तळव्यानं टायरवरची धूळ पुसल्यासारखं केलं.

"काय मामा?" गल्लीतल्या एकानं विचारलं. "शोभा?"

"सायबानं पाह्यली हाय," मामा म्हणाले. "सायबाची पसंती हाय."

त्यांनी मला चारचौघांत वाचवलं, आणि मी ते कौतुक समजलो.

दुपारी ते खुरपं नव्या गाडीच्या सीटखाली ठेवत होते. मी म्हणालो, "मामा, ते नको इथं. कव्हर फाटेल." त्यांनी ते फडक्यात गुंडाळलं आणि घरी नेलं.

बहिणीला आणायचा दिवस मीच ठरवला. पोळ्याचा. माझं डोकं पाहा. सणाचा दिवस, म्हणजे रस्ते मोकळे, गाव घरी, ती घरी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना ऑपरेशनची जागा मोकळी होती. मामा एवढंच म्हणाले, "पोळा हाय सायेब. आभाय भरून राह्यलं." मी म्हणालो, "बर्फात चालते मामा."

आणि मीही बरोबर निघालो. गाडी दारात लागेल, त्याचा फोटो काढायचा होता. रुग्णालयाच्या पत्रकासाठी.

अंजनगावला थांबून आलूबोंडे खाल्ले. गाडी डांबरावर अशी चालली, की मामांनीही एकदा "आवाज नाई हिचा" अशी दाद दिली. तेल्हाऱ्याच्या पुढं पावसाची सर येऊन गेली होती. पांदणीच्या तोंडाशी मामांनी गाडी थांबवली, खाली उतरले, जोड्यानं माती दाबून पाहिली. परत आत बसले. माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "चला की."

पाच-सहाशे पावलं गाडी गेली. मी विजयी मुद्रेनं मोबाइल काढला. मग तिचा सूर जड झाला. मग एक घरघर. मग ती थांबली. पडद्यावर चार हिरवे बाण चारही चाकांकडं धावत होते. बाण फिरत होते, चाकं फिरत नव्हती.

आम्ही खाली उतरलो. चारही चाकांवर काळी माती इतकी ठासून बसली होती, की चाक कुठं संपतं आणि मडगार्ड कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मामांचा हात सवयीनं सीटखाली गेला आणि रिकामा बाहेर आला. ते माझ्याकडं पाहतील म्हणून मी आभाळाकडं पाहू लागलो. पण त्यांनी पाहिलं नाही. खाली बसून ते बोटांनी माती उकरू लागले. मी माझ्या डब्याचं झाकण घेतलं आणि शेजारच्या चाकापाशी बसलो. अर्धा तास उकरलं. गाडी दहा पावलं गेली आणि पुन्हा भरली.

गाव समोर दिसत होतं. पोळ्याची वाजंत्री ऐकू येत होती.

"गावातून बैलजोडी आणू," मी म्हणालो. "ओढून काढतील. नाहीतर बंडीतून बाईंना इथपर्यंत आणू."

मामांनी प्रथमच माझ्याकडं नीट पाहिलं. "आज पोळा हाय सायेब. आज बैलाच्या खांद्यावर कोनी जू ठेवत नाई. आज त्याईले ओवाळतात."

मला माहीत होतं ते. वऱ्हाडातल्या लहान पोराला माहीत असतं. माझ्या कॅलेंडरात त्या दिवसाखाली फक्त 'सुटी' असं छापलेलं होतं, आणि मी तेवढंच वाचलं होतं.

आम्ही चालत गेलो. प्रत्येक पावलाला पायाला शेर शेर माती. मामांची बहीण ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर बोचकं, सकाळपासून तयार. चाहूल लागताच तिनं मान वर केली.

"लहान्या, आला काय?"

"आलो बाई."

"गाडीचा आवाज नाई आला."

मला वाटलं मामा काहीतरी जुळवतील. आवाज न करणारी गाडी आहे म्हणतील. ते म्हणाले, "फसली बाई. पांदनीत. मी तुले पाठीवर घेतो, चाल."

"पाठीवर?" तिचा आवाज चढला. "मेल्यावानी खांद्यावर नेतं काय मले साऱ्या गावातून? सनाच्या दिवशी?"

"बाई, ऐक ना. उद्या आपरेशन हाय."

"दारात गाडी आनतो म्हने." ती उठली, भिंत चाचपत आत गेली आणि बोचकं सोडलं. आतून म्हणाली, "पयल्याच पावलाले अडलं. जानं नाई नशिबात. पोया खाऊन जा दोघं."

आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. ती चाचपून चाचपून माझ्या ताटात तूप वाढत होती. सायंकाळी तेल्हाऱ्याहून आलेल्या एका ट्रॅक्टरनं आमची गाडी ओढून काढली. फोटो मी काढला नाही.

त्यानंतर पाऊस लांबला आणि पांदण बंद झाली. बाईंनी मन मिटून घेतलं. मध्येच त्यांचा डोळा दुखायला लागला, फार दुखला, आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दिवाळीनंतर माती वाळल्यावर मामांनी त्यांना बंडीनं, मग एसटीनं, हाताला धरून अमरावतीला आणलं. गाडी मागितली नाही.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात टॉर्च मारला. "उजेड दिसतो का, बाई? कुठून येतो?" मग दुसऱ्या बाजूनं. मग टॉर्च विझवून हातात तसाच धरून बसल्या. मी दारात होतो. मला कळलं.

मामाही समोरच उभे होते, बहिणीच्या अगदी पुढ्यात, जिथं उभं राहून ते सगळ्यांना विचारायचे. त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी मला जाब विचारावा असं मला आत कुठंतरी वाटत होतं. निदान मला शिवी तरी द्यावी. ते बाहेर आले आणि म्हणाले, "सायेब, आता मले सोडा. तिले कोनी नाई." गाडीची किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, आणि त्या मोठ्या हातानं माझी बोटं तिच्यावर मिटवली. "गाडी चांगली हाय. डांबरावर चालवत जा."

त्याला आता तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी त्यांना भेटायला गेलो नाही. कामं होती, हे खोटं आहे. पहिल्या वर्षी चार फोन केले, मग दोन, मग फोन लागेनासा झाला आणि मला, सांगायला लाज वाटते, जरा सुटल्यासारखं वाटलं.

यंदा रुग्णालयासाठी दुसरी गाडी घ्यायचं ठरलं. निवड पुन्हा माझ्याकडं आली, कारण समित्यांना स्मरणशक्ती नसते. मला मात्र होती. मी ठरवलं, या वेळी मामांना न्यायचं. फरशीवर झोपू देत, गाडीखाली जाऊ देत, मी त्यांच्या चपला सांभाळीन.

उन्हाळा होता. तीच स्टेशन वॅगन घेऊन निघालो. तीच पांदण आता कडक वाळलेली. गाडी सरळ गावात गेली, वळली आणि बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. इतकं सोपं. मी गाडीतच बसून राहिलो थोडा वेळ.

"कोन आलं गाडी घेऊन दारात?" ओट्यावरून आवाज आला.

मी नाव सांगितलं. मामा कुठं आहेत, विचारलं.

"थो गेला ना बाप्पा. चैतात. झोपेतच. तुमाले नाई सांगतलं कोनी?"

कोण सांगणार? मी ओट्याच्या कडेला बसलो. त्यांनी पाण्याचा गडू बरोबर माझ्या हाताशी सरकवला. मी पाणी प्यायलो. मग सांगितलं. अकोल्याच्या शोरूमपासून डब्याच्या झाकणापर्यंत सगळं. कोणाची मूठ होती तेही.

"माइत हाय मले," त्या म्हणाल्या. "लहान्या सांगे. सायबाचा हात नाजूक हाय म्हने, मानूस वाईट नाई."

मग विचारलं, "हेच काय ते गाडी?"

मी हो म्हटलं. त्या उठल्या, हात पुढं करत गाडीपाशी गेल्या, दारावरून हात खाली नेत चाक शोधलं, आणि अगदी तशाच उकिडव्या बसल्या. लुगड्यातून हात बाहेर काढून मूठ वळली. आयुष्यभर कापूस वेचलेली, जळण फोडलेली मूठ. मी पाहतच राहिलो. मामांचीच होती ती. पेरांपर्यंत गेली आणि अडली.

"नाई जात," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. पाहून घेतलं, एवढंच. "आमी लहानपनी मुठी लावून पाहो, कोनाची मोठी. सारखीच भरे."

मला एकदम सुचलं ते मी बोललो. बाजूला पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग होता. त्यातली एक काडी त्यांच्या मुठीच्या मापानं तोडून नेतो, म्हटलं. नवी गाडी घ्यायची आहे.

"काडी कायले?" त्या म्हणाल्या. "मलेच न्या ना. गाडी आनलीच हाय ना दारात."

आतून त्यांनी बोचकं आणलं. बोचक्यातून फडक्यात गुंडाळलेलं खुरपं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे त्याच्या जाग्यावर ठेवा." मी ते ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलं. कव्हराला टोक लागलं. लागू दे.

अकोल्याच्या त्या शोरूममध्ये मी त्यांचा हात धरून आत गेलो. सरबत घेऊन फिरणारी माणसं थांबली. विक्रेता पडदा लावायला निघाला, मी नको म्हणालो. त्या एकेका गाडीपाशी बसत, हात चाकावरून वर नेत, मूठ वळत. पहिली. "शोभा हाय." दुसरी. "हेही शोभा." तिसऱ्या गाडीपाशी मूठ आत गेली. त्यांनी ती आतल्या आत जराशी फिरवली, बाहेर काढली आणि लुगड्याला पुसली.

"हौ," त्या म्हणाल्या. "चालते."

उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि तोंड माझ्याकडं वळवून विचारलं, "काळी हाय का गोरी?"

रुग्णालयाच्या गाड्या पांढऱ्याच असतात.

"गोरी आहे, बाई."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "माती लागली की होते काळी."